बाळंतिणीची डोकेदुखी

वाकोल्याच्या वस्तीत एखादी स्त्री प्रसूतीनंतर आठ-दहा दिवसांनी डोके धरून बसली, तर जागरण झाले, वारा लागला, कान बांधले नाहीत, असे निदान घरातच होऊन जाते. उलट्या म्हणजे पित्त. दृष्टी अंधुक झाली म्हणजे अशक्तपणा. पुढे झटका येऊन हात लुळा पडला की मग वाहनासाठी धावाधाव होते.

या लक्षणांमागे कधीकधी पक्षाघाताचा एक विरळा प्रकार असतो. नेहमीच्या पक्षाघातात बहुधा मेंदूकडे रक्त नेणारी रोहिणी तुंबते आणि घाव अवचित बसतो. येथे मेंदूतून रक्त परत नेणाऱ्या शिरांत गुठळी होते व दुखणे पुष्कळदा दिवसादिवसाने वाढते. म्हणजे वेळ हाती असतो, आणि तोच वाया जातो. भारतीय वैद्यकाला हे नवे नाही. गरोदर व बाळंत स्त्रियांच्या मेंदूतील अशा गुठळ्यांविषयी के. श्रीनिवासन यांनी १९८३ साली १३५ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. रक्तक्षय व शरीरातील पाणी कमी होणे या आजाराला हातभार लावतात. बाळंतिणीला पाणी बेताने द्यावे, हा घरोघरचा दंडक म्हणूनच घातक आहे.

दोष एकट्या वस्तीच्या अज्ञानाचा मानू नये. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या ६२४ रुग्णांच्या आंतरराष्ट्रीय पाहणीत लक्षणांपासून निदानापर्यंतचा मध्यक काळ सात दिवसांचा होता. साध्या सी.टी. स्कॅनमध्ये काहीच न दिसण्याचा संभव असतो. शिरांचे चित्र दाखवणारी तपासणी मुद्दाम मागावी लागते. ‘बाळंतपण कधी झाले?’ हे विचारलेच नाही, तर ती मागणार कोण? मुख्य औषध हेपॅरिन, तेही जुनेच. त्या पाहणीत मृत्यू वा परावलंबित्व सुमारे १३ टक्क्यांच्या वाट्याला आले. बहुसंख्य रुग्ण सावरले.

विरळ्या रोगावर महापालिकेने पैसा का खर्चावा, असे हिशेबी लोक विचारतील. मग हिशेब पुरा करावा. प्रसूतिगृहातून घरी जाताना मिळणाऱ्या कागदावर चार ओळी छापण्यास आणि आरोग्यसेविकांना त्या समजावून देण्यास कितीसा खर्च येतो? पंचविशीतली घरकामगार स्त्री जन्माची लुळी झाली, तर तिची मजुरी आणि तान्ह्या मुलाचे पालनपोषण यांचा भार कोणत्याही अंदाजपत्रकात न दिसता तिच्या घरावर पडतो.

पाण्यासाठी आणि गटारांसाठी एच-पूर्व विभाग कार्यालयावर मोर्चे नेणाऱ्या कार्यकर्त्यांनी या चार ओळींची मागणीही निवेदनात घालावी. शिरांची तपासणी सार्वजनिक रुग्णालयात रात्रीबेरात्रीही, खाजगी केंद्राची चिठ्ठी हाती न देता, झाली पाहिजे, हेही त्यात लिहावे.