तेंदूच्या पानावर पालक कशाला?

तेंदूपत्त्याचा व्यापार ग्रामसभांना झेपत नाही, तो वनखात्याने पूर्ववत आपल्या हाती घ्यावा, असे म्हणणारे चंद्रपूर-गडचिरोलीत काही कमी नाहीत. लिलावात बोली आली नाही, कंत्राटदाराने पैसे थकवले, एखाद्या गावच्या हिशेबात घोळ निघाला, की हा सूर चढतो. त्यात निवृत्त अधिकारी असतात, तालुक्याच्या ठिकाणचे व्यापारी असतात आणि, खेदाने लिहावे लागते, स्वतःला पुरोगामी म्हणवणारे काही पुढारीही असतात. आदिवासी भोळा आहे, त्याला बाजार कळत नाही, सबब त्याच्या मालावर कुणीतरी पालक हवा, हा या साऱ्या प्रतिपादनाचा गाभा. जंगलावर राखीव वनांचा शिक्का मारताना इंग्रजानेही याहून निराळे काही सांगितले नव्हते.

या पालकत्वाचे खरे रूप ओळखायचे असेल तर थोडा दूरचा फेरा घेतला पाहिजे. आपल्या मसाल्याच्या डब्यातली लवंग घ्या. सतराव्या शतकात डच कंपनीने मोलुक्का बेटांतील लवंगेवर मक्ता बसवला, तो टिकवण्यासाठी लागवड अंबोन आणि त्याच्या आसपासच्या मोजक्या बेटांपुरती बांधून टाकली आणि इतर बेटांवरची झाडे तोडून काढली. भाव चढा राहावा म्हणून ज्यांची झाडे तोडली त्यांना त्या भावातले काय मिळाले, हे सांगायला नको. पुढे एकोणिसाव्या शतकात लवंग झांजिबारला रुजली ती गुलामांच्या श्रमांवर. मळे अरबांचे, राबणारे आफ्रिकी आणि मळेवाल्यांना कर्ज देणारे व माल समुद्रापार पाठवणारे बहुतांशी आपल्या कच्छ-काठेवाडचे व्यापारी.

येथे आपल्या राष्ट्रीय चळवळीतला एक विस्मरणात गेलेला प्रसंग आठवतो. झांजिबारच्या वसाहती सरकारने लवंग उत्पादकांच्या संघाच्या हाती व्यापाराचा मक्ता देणारे कायदे केले, तेव्हा काँग्रेसने १९३७ मध्ये झांजिबारच्या लवंगेवर बहिष्कार पुकारला. हिंदुस्थान हे त्या लवंगेचे फार मोठे गिऱ्हाईक. मुंबई बंदरात माल येईना, तेव्हा १९३८ मध्ये तिथल्या सरकारला तडजोड करावी लागली. ग्राहक देशाने एकजुटीने नकार दिला तर साम्राज्यही नमते, हा त्यातला अभिमानाचा भाग. पण तो बहिष्कार झाला तो निर्यात करणाऱ्या हिंदी व्यापाऱ्यांच्या हक्कांसाठी. झाडावर चढून कळ्या खुडणाऱ्या आफ्रिकी मजुराचा प्रश्न ना त्या मक्त्यात होता, ना त्या बहिष्कारात. दोन मालकांचे भांडण लागले की मजुराने एकाची बाजू घ्यावी अशी अपेक्षा असते. आपली पाटी तिसरीच आहे हे त्याला कुणी सांगत नाही.

१९६४ च्या क्रांतीनंतर झांजिबारमध्ये मळे सरकारजमा झाले आणि शेतकऱ्यांना वाटून दिले गेले. आता तरी न्याय मिळावा! पण लवंग विकत घेण्याचा अधिकार एकट्या सरकारी व्यापार महामंडळाकडे राहिला. जागतिक बाजारात भाव काय चालला आहे आणि शेतकऱ्याच्या हातावर काय ठेवले जाते, यांतले अंतर इतके वाढले की लोक रातोरात होड्या भरून लवंग मोम्बासाला नेऊ लागले. सरकारने त्यांना चोर ठरवून कडक शिक्षा ठेवल्या. आपण पिकवलेला माल विकणे हा गुन्हा! इंडोनेशियात तर १९९० च्या दशकाच्या आरंभी राष्ट्राध्यक्ष सुहार्तो यांच्या धाकट्या मुलाच्या हाती लवंगेच्या खरेदीचा मक्ता गेला, उत्पादकांच्या कल्याणाचे नाव घेऊनच. भाव कोसळले, वैतागलेल्या शेतकऱ्यांनी झाडे तोडली, आणि १९९८ मध्ये, सुहार्तोंची सत्ता डळमळली तेव्हा, तो मक्ता मोडला. डच कंपनी, क्रांतिकारी सरकार आणि हुकूमशहाचा मुलगा, मालक तीन तऱ्हांचे. खुडणाऱ्याचा हात मात्र तिन्ही वेळा रिकामाच.

आता आपल्या फळीवर येऊ. महाराष्ट्राने १९६९ मध्ये वनोपजांच्या व्यापाराच्या विनियमनाचा कायदा केला आणि त्या बळावर तेंदूचा व्यापार सरकारच्या मक्त्याखाली आणला. हेतू सांगितला गेला तो सावकारी ठेकेदारीतून आदिवासींना सोडवण्याचा. प्रत्यक्षात खात्याने जंगलाचे घटक पाडले, त्यांचे लिलाव केले आणि तोच ठेकेदार परवाना घेऊन पुन्हा फळीवर येऊन बसला. फरक एवढाच की आता त्याच्या मागे सरकारचा शिक्का होता. जंगलाची पट्टी सरकारी तिजोरीत गेली, नफा विडी कारखानदाराकडे गेला आणि पान तोडणारी बाई मजूर ठरली. स्वतःच्या गावच्या शिवारात!

तिचे काम ज्यांनी पाहिले नसेल त्यांच्यासाठी लिहितो. फेब्रुवारी-मार्चमध्ये खुटकटाई होते, तेव्हा कुठे एप्रिलअखेर कोवळी, रुंद पाने फुटतात. मग जेमतेम काही आठवड्यांचा हंगाम. पहाटे अंधारात निघायचे, ऊन तापायच्या आत तोडणी उरकायची, दुपारभर घरातल्या म्हाताऱ्या-पोरांनी मिळून सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधायचे आणि संध्याकाळी फळीवर मोजून द्यायचे. शंभर पुडे म्हणजे सात हजार पाने. हजार पुड्यांची एक प्रमाण गोणी, म्हणजे सत्तर हजार पाने, एकेक हाताने खुडलेले. त्यातही मुन्शीने शेकड्यामागे वरचे पुडे घ्यायचे, काही डागी म्हणून फेकायचे. पान उन्हात वाळते, उलटावे लागते, वळवाचा पाऊस आला तर काळे पडते. सुकले की बोद भरून ट्रक निघतो. आणि वाघाचे काय? मे २०२५ मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदू तोडायला गेलेल्या तीन बाया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात मारल्या गेल्या. सत्तर पानांच्या पुड्याचा दर ठरवताना हा धोका कुठल्या रकान्यात धरला जातो?

१९८० च्या सुमारास नक्षलवादी या जंगलात आले ते प्रथम याच पुड्याच्या दराचा प्रश्न घेऊन. दर वाढले, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु त्याच ठेकेदाराकडून वसुली घेऊन त्यांनी तोच व्यापार आपल्या पोटापाण्याचा आधार केला. ज्याने शोषकाच्या नफ्यात वाटा घेतला तो शोषण संपवू कसा शकेल? ऑक्टोबर २०२५ मध्ये त्यांचा एक प्रमुख नेता आपल्या साथीदारांसह गडचिरोलीतच शरण आला. आता ‘बंदुकीमुळे विकास अडला’ ही सबब राहिली नाही. बंदूक गेल्यावर त्या फळीवर कोण बसणार, हा प्रश्न उघडा पडला आहे.

कायद्याने उत्तर दिलेले आहे. १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातील गौण वनोपजाची मालकी ग्रामसभेकडे दिली. २००६ च्या वनहक्क कायद्याने तेंदू आणि बांबू यांची नावे घेऊन ते गोळा करण्याचा, वापरण्याचा आणि विकण्याचा हक्क मान्य केला. पण कायदा कागदावर असणे आणि जंगलाच्या नाक्यावर असणे यांत फार अंतर असते. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, तरी बांबू बाहेर नेण्याचा वाहतूक परवाना वनखाते देईना. बांबू हे गवत की झाड, यावर खात्याचा खल चालला होता! अखेर २७ एप्रिल २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी त्या गावात येऊन परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले. कागदाच्या गिरणीला जो बांबू सरकारने वर्षानुवर्षे सवलतीने दिला, तो विकायला गावाला केंद्रीय मंत्र्याची वाट पाहावी लागली. त्यानंतर २०१३ पासून गोंदिया-गडचिरोलीतल्या काही ग्रामसभांनी तेंदूचाही लिलाव स्वतः करायला आरंभ केला.

२०१७ च्या हंगामात भाव पूर्वी कधी नव्हते इतके चढले. २०१८ मध्ये ते कोसळले; अनेक गावांच्या लिलावात बोलीच आली नाही. टीकाकार या दुसऱ्या वर्षावर बोट ठेवतात. पण एका वर्षात गावांची अक्कल कमी झाली काय? पान तेच, जंगल तेच, तोडणारे हात तेच. बदलले ते एवढेच की आदल्या वर्षी चढाओढ करणारे खरेदीदार दुसऱ्या वर्षी हात आखडून बसले. पान हा थांबणारा माल नाही. मे महिन्यात तोडले नाही तर जून सगळे घेऊन जातो. खरेदीदाराकडे गोदाम आहे, आदल्या वर्षीचा साठा आहे, बँकेची पत आहे. ग्रामसभेकडे यांतले काही नाही. अशा सौद्यात थांबू शकतो तोच जिंकतो. भर म्हणून १ जुलै २०१७ पासून तेंदूपत्त्यावर अठरा टक्के वस्तू व सेवा कर बसला, विडीवर अठ्ठावीस. कर भरतो व्यापारी, पण बोली लावताना तो आधीच वजा करून ठेवतो. पानावरचा कर पाच टक्क्यांवर आणायला सरकारला सप्टेंबर २०२५ उजाडला. ती आठ वर्षे कुणाच्या खिशातून गेली?

आणखी एक बाजू आपल्या कार्यकर्त्यांनी ध्यानात ठेवावी. हे पान देशाबाहेरही जाते, विशेषतः श्रीलंकेला. तिकडे जबर आयातकर असल्याने तमिळनाडूच्या किनाऱ्यावरून होड्यांतून त्याची चोरटी वाहतूक चालते आणि श्रीलंकेचे नौदल विडीच्या पानांची पोती वारंवार पकडते. पुन्हा झांजिबार आणि मोम्बासा! समुद्राच्या अलीकडल्या आणि पलीकडल्या भावात जे अंतर आहे त्यात कित्येकांची घरे चालतात. तोडणाऱ्या बाईला त्या समुद्राचे नावही ठाऊक नसते. अमेरिकेने २००९ मध्ये लवंगेच्या सिगारेटींवर बंदी घातली आणि आपल्या मेंथॉलच्या सिगारेटींना हात लावला नाही, तेव्हा इंडोनेशियाचे सरकार जागतिक व्यापार संघटनेत भांडायला गेले आणि २०१२ मध्ये दावा जिंकून आले. गडचिरोलीच्या पानासाठी मुंबईत तरी कोण भांडते?

एक आक्षेप प्रामाणिक आहे, त्याला प्रामाणिक उत्तर दिले पाहिजे. विडी माणूस मारते. तिच्या पानाला भाव मागणे समाजवाद्यांना शोभते काय? विडीने होणारे रोग गरिबाच्याच घरात शिरतात, याविषयी वाद नाही. विडीची मागणी घटेल, घटावी. पण ती घटण्याची किंमत कारखानदार भरणार नाही, ती फळीवर आणि सोलापूर-सिन्नरच्या विडी कामगार बायांवर पडेल. त्यांचा कल्याण निधी ज्या उपकरावर चालत होता तो २०१७ मध्ये रद्द झाला. केरळात कारखानदारांनी नव्या विडी कामगार कायद्याला भिऊन टाळे ठोकले, तेव्हा कण्णूरच्या कामगारांनी १९६९ मध्ये दिनेश विडी ही सहकारी संस्था उभी केली. पुढे विडीचा खप उतरला तेव्हा त्याच संस्थेने छत्र्या आणि खाद्यपदार्थ बनवायला घेतले. ज्याच्या हातात संस्था आणि भांडवल असते तोच धंदा बदलू शकतो. ज्याच्या हातात केवळ मजुरी असते तो धंद्याबरोबर बुडतो. म्हणून उद्या पान बंद होणार असेल तर आज ग्रामसभेकडे पैसा आणि संघटना असणे अधिकच निकडीचे आहे. मोह, चारोळी, बांबू यांचा व्यापार उभारायचा तो याच हातांनी.

तेव्हा मागणी स्पष्ट हवी. वनखात्याचा मक्ता परत नको. आदिवासी विकास महामंडळाने ग्रामसभांना हंगामापूर्वी खेळते भांडवल द्यावे, म्हणजे खरेदीदार रुसला तरी मजुरी अडणार नाही आणि पान वाळवून ठेवता येईल. प्रत्येक तालुक्याला ग्रामसभांच्या ताब्यातले गोदाम हवे. पानाला किमान भाव जाहीर व्हावा आणि त्याखाली बोली गेली तर सरकारने खरेदी करावी, मात्र एकमेव गिऱ्हाईक म्हणून नव्हे. तोडणीत मृत्यू आला तर भरपाई ताबडतोब मिळावी. ग्रामसभांचे हिशेब गावासमोर वाचले जावेत, हेही त्यातच आले; कोण्या गावच्या चार जणांनी पैसे खाल्ले असतील तर आपण त्यांना पाठीशी घालता कामा नये.

कोरची तालुक्यात ग्रामसभांनी एकत्र येऊन महाग्रामसभा बांधली. एकेकट्या गावाला व्यापारी खेळवतो, नव्वद गावांना खेळवणे त्याला जड जाते. इतर तालुक्यांतल्या साथींनी हे काम खुटकटाईच्या आधी हाती घ्यावे. लिलावाची जाहिरात निघाल्यावर गावोगाव फिरण्यात हशील नाही; तोवर व्यापाऱ्यांची बैठक होऊन गेलेली असते.