दाढ काढावी की वाचवावी?

गेल्या दिवाळीत आत्याकडे नेपानगरला गेले होते. आत्याचे यजमान तिथल्या कागद कारखान्यात होते. 1956 साली पंडित नेहरूंनी राष्ट्राला अर्पण केलेला, वर्तमानपत्री कागदाचा देशातला हा पहिला कारखाना. दुसऱ्याच दिवशी चकली खाताना माझ्या दाढेचा टवका उडाला. थंड पाण्याने ठणका दोन वर्षे लागत होता, पण मी लवंगेवर भागवत होते.

"काढून टाक गं एकदाची!" आत्या म्हणाली.

बऱ्हाणपूरच्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला. कीड नसेपर्यंत पोचली नव्हती. ते म्हणाले, "दाढ काढली की शेजारच्या दाढा त्या जागेकडे कलतात. आधी वाचवू या."

मग त्यांनी पर्याय सांगितले. खड्डा लहान असेल तर दाताच्या रंगाचे कंपोझिट भरतात. ते निळ्या प्रकाशाने घट्ट होते, मात्र भरताना दात कोरडा हवा. चांदी मजबूत आणि स्वस्त, पण तिच्यात निम्मा पारा असतो. म्हणून पंधरा वर्षांखालची मुले, गरोदर व अंगावर पाजणाऱ्या बायकांना ती भरू नये, असे पाऱ्यासंबंधीच्या मिनामाता करारातील देशांनी 2022 मध्ये ठरवले. जुनी चांदी शाबूत असेल तर मात्र उगाच उकरायची नाही. ग्लास आयोनोमर सिमेंट दाताला आपोआप चिकटते, फ्लोराइडही सोडते, पण चावण्याच्या जोरापुढे लवकर झिजते. ते मुलांच्या दुधाच्या दातांना बरे. दाढेची भिंतच ढासळली असेल तर माप घेऊन ऑनले किंवा कॅप. आणि कीड नसेपर्यंत गेली, तर आधी रूट कॅनॉल.

माझ्या दाढेला ऑनले सांगितले. तिथे तात्पुरते सिमेंट भरून घेतले, बाकीचे काम बेळगावला परतल्यावर केले. सासूबाईंनी आल्याआल्या विचारले, "हल्लु नोवु हेगिदे?" दुखणे कधीच थांबले होते.

त्या रात्री नेपानगरला आत्या दुधात भाकरी कुस्करत होती. चाळिशीतच तिच्या चार दाढा काढल्या होत्या. ती हळूच म्हणाली, "मला कुणी विचारलंच नाही गं, वाचवायची का म्हणून."

मैत्रिणींनो, डॉक्टरांना एवढे जरूर विचारा: कीड किती खोल आहे? दाताच्या भिंती किती शिल्लक आहेत? आणि थांबले तर काय होईल? या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मी रोज आत्याच्या ताटात पाहत होते.