चार भाषा तोंडी, एकही नाही कागदावर

आमच्या मोहाडीच्या कापड दुकानात तासभर बसले तर चार भाषा कानावर पडतात. कोशाचे लुगडे घेऊन आलेला कोष्टी विणकर झाडीबोलीत भाव करतो, तहसील कचेरीतले कारकून प्रमाण मराठीत बोलतात, नागपूरचा व्यापारी हिंदीत आणि आमच्या घरची मंडळी उर्दूत. गल्ल्याजवळ बसलेले आमच्या घरातले पोर या सर्वांना ज्याच्या त्याच्या भाषेत उत्तर देते. यात काही विशेष आहे असे त्याला वाटत नाही आणि खरे सांगायचे तर आम्हालाही वाटत नव्हते.

परंतु परवा हाच मुलगा परदेशातील नोकरीचा अर्ज भरायला बसला. 'अवगत भाषा' या रकान्यापाशी त्याची लेखणी अडली. बराच विचार करून त्याने 'हिंदी' एवढेच लिहिले. आम्ही विचारले, "मराठी आणि उर्दू का नाही लिहिली?" तो म्हणाला, "मराठीला तिकडे कोण विचारतो आणि उर्दू लिहून काय फायदा?" दहा वर्षे ज्या भाषेत शिकला ती आणि ज्या भाषेवर आमचे दुकान चालते ती, अशा दोन्ही भाषा त्याने स्वतःच्या हाताने खोडून टाकल्या. ही गोष्ट एका मुलाची नाही. म्हणूनच व्यापारी व कारागीर बंधूंपुढे हा विषय मांडावा असे आम्हास वाटले.

मुस्लिम समाजात या बाबतीत दोन टोकाची मते ऐकू येतात. काहींच्या मते उर्दू माध्यमात शिकलेला मुलगा मागेच राहणार. दुसरे म्हणतात, मराठीचा उपयोग फक्त सातबारा काढण्यापुरता. आम्ही स्वतः उर्दू माध्यमात शिकलो आणि सारा व्यापार मराठीत केला. आमच्या मते ही दोन्ही मते चुकीची आहेत. दोन भाषा जाणणारा मनुष्य म्हणजे भांडवल असलेला मनुष्य होय. खरी अडचण निराळीच आहे. आमची मुले भाषा बोलतात, पण त्या भाषेतला कागद वाचू शकत नाहीत आणि लिहू तर त्याहून शकत नाहीत. बाजारात तोंडी भाषेची मजुरी मिळते, पगार मात्र कागदावरच्या भाषेला मिळतो.

भाषेच्या बळावर परदेशी जाणे आपल्याला नवे नाही. रत्नागिरी व रायगडच्या कोकणी मुस्लिम बांधवांनी जहाजावर नोकऱ्या केल्या, केपटाउन आणि पूर्व आफ्रिकेत वस्त्या केल्या. १९७३ साली तेलाचे भाव वाढले आणि आखाती देशांत कामे निघाली, तेव्हा त्याच गावांतून माणसे तिकडे गेली. त्याआधीही हिंदुस्थान आणि आखात यांचा व्यापार इतका जवळचा होता, की १९५९ पासून तिकडच्या अनेक संस्थानांसाठी आपली रिझर्व्ह बँक वेगळा रुपया काढीत असे आणि त्यांपैकी काही ठिकाणी तो १९६६ पर्यंत चालत होता. आपली हिंदी-उर्दू आजही तेथील बाजारात समजते. अबू धाबीच्या न्यायालयांनी तर फेब्रुवारी २०१९ मध्ये अरबी व इंग्रजीच्या जोडीला हिंदीचा स्वीकार केला, जेणेकरून परदेशी कामगाराला आपली तक्रार समजेल अशा भाषेत दाखल करता यावी. तेव्हा आमच्या भाषेला कोणी विचारत नाही, हे म्हणणे खरे नाही.

मग नुकसान कोठे होते? एक अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी आमच्या ओळखीच्या एका कारागिराचा मुलगा आखातात निघाला. गोदामात स्टोअरकीपरचे काम आहे असे एजंटाने सांगितले होते. करारपत्र अरबी आणि इंग्रजीत होते. मुलाने लहानपणी कुरआन नाजरा पूर्ण केला होता, त्यामुळे अरबी अक्षरे त्याने आम्हाला खडाखडा वाचून दाखविली. आम्ही सर्वजण खूश झालो. पण अर्थ त्याला कळला नाही आणि आम्हालाही कळला नाही. इंग्रजी मजकूर कोणी पाहिलाच नाही. तिकडे पोहोचल्यावर समजले की, कागदावर हमालीचे काम होते आणि पगारही सांगितल्यापेक्षा कमी होता. दोन वर्षे काढून तो परत आला, तेव्हा अंगावर कर्ज शिल्लक होते. त्या कर्जातला काही पैसा आमचा होता. आम्ही पासपोर्ट पाहिला, व्हिसा पाहिला, तिकीट पाहिले, पण करार काय आहे हे विचारले नाही. ठाणाची घडी उलगडून पाहिल्याशिवाय जो व्यापारी पैसे मोजत नाही, त्याने माणसाच्या दोन वर्षांचा सौदा न वाचता होऊ दिला. यात एजंटाचा दोष आहेच, पण आमचाही आहे.

वास्तविक आपल्या दीनने या बाबतीत स्पष्ट शिकवण दिलेली आहे. कुरआनमधील सर्वांत मोठी आयत (सूरह बकरा, आयत २८२) देण्याघेण्याच्या लिखापढीबद्दल आहे. मुदतीचा व्यवहार लिहून ठेवा, लिहिणाऱ्याने न्यायाने लिहावे आणि साक्षीदार ठेवावेत, असा तिचा आशय आहे. तसेच पैगंबर (स.) यांनी हजरत जैद बिन साबित (रजि.) यांना यहुद्यांची लिपी शिकण्यास सांगितले आणि त्यांनी ती थोड्याच दिवसांत आत्मसात केली, ही गोष्ट हदीसमध्ये प्रसिद्ध आहे. कारण हेच होते की, आलेले पत्र आपल्याच माणसाला वाचता यावे.

आता उर्दू जाणणाऱ्या मुलाला अरबी किती जवळची आहे ते पाहू. लिपी त्याला येते. आमच्या रोजकीर्दीतील हिशेब, तारीख, वजन, किंमत, दलाल, नगद हे शब्द मुळात अरबीच आहेत. परंतु याच ओळखीत धोकाही आहे. आपली 'रक्कम' म्हणजे पैसे, अरबीत 'रकम' म्हणजे आकडा किंवा क्रमांक. आपला 'महल' राजाचा, त्यांचे 'महल' म्हणजे साधे दुकान. आपण मुलांना कुरआन शिकायला 'मकतब'मध्ये पाठवितो, तिकडे 'मकतब' म्हणजे कचेरी. आपला 'गरीब' पैशाने कमी, त्यांचा 'गरीब' म्हणजे परका माणूस. आपला 'जुलूस' रस्त्याने चालतो आणि अरबीत 'जुलूस' म्हणजे बसणे! म्हणून नुसत्या ओळखीच्या शब्दांवर विसंबून कोणीही सही करू नये. मात्र ज्याला निम्मे शब्द आधीच येतात, त्याने वर्ष-दोन वर्षे मेहनत केली तर व्यवहारापुरती अरबी अवघड नाही. राष्ट्रीय उर्दू भाषा विकास परिषदेने अरबीचा एक वर्षाचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम आणि व्यावहारिक अरबीचा पदविका अभ्यासक्रम चालविला आहे. आपल्या राज्य मंडळाच्या दहावीलाही संस्कृतप्रमाणेच अरबी हा विषय घेता येतो. किती उर्दू शाळा मुलांना हे सांगतात?

परदेश म्हणजे केवळ आखात, हा समजही आता सोडला पाहिजे. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीच्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाबाबत करार केला. नर्स, इलेक्ट्रिशियन, वाहनचालक, स्वयंपाकी असे धंदे त्यात आहेत. जपानने एप्रिल २०१९ पासून कुशल कामगारांसाठी वेगळा व्हिसा सुरू केला आणि भारताने जानेवारी २०२१ मध्ये त्याबाबत जपानशी समझोता केला. दोन्ही ठिकाणी पहिली अट भाषेची आहे. जपानसाठी साधारणपणे एन-४ पातळीची परीक्षा, आणि जर्मनीत नर्सच्या कामासाठी बहुधा बी-२ पर्यंत भाषा लागते. करार झाला म्हणजे नोकरी लागली असे नव्हे. पण जो मुलगा घरी उर्दू, बाजारात मराठी आणि शाळेत इंग्रजी शिकला, त्याला आणखी एक भाषा शिकण्याची सवय असते. ही सवय अर्जात लिहिण्यासारखी गोष्ट आहे. फक्त 'येते' असे न लिहिता बोलता येते, वाचता येते, लिहिता येते, असे वेगवेगळे लिहावे आणि परीक्षेचे प्रमाणपत्र जोडावे.

कागदपत्रांच्या बाबतीत काही गोष्टी प्रत्येक घरात माहीत असाव्यात. दहावी उत्तीर्ण नसलेल्या माणसाच्या पासपोर्टवर 'ईसीआर' अशी नोंद होते आणि आखातासह १८ देशांत मजुरीसाठी जाण्यापूर्वी त्याला सरकारची परवानगी घ्यावी लागते. म्हणजे दहावीचे प्रमाणपत्र हा पहिला कागद. १९८३ च्या कायद्याने परदेशी नोकर भरती करणाऱ्या एजंटाला परवाना बंधनकारक केला. हा परवाना सरकारच्या ई-मायग्रेट यंत्रणेत तपासता येतो. एजंटाच्या शुल्काला ३० हजार रुपये व त्यावरील कर अशी मर्यादा सरकारने घातली. जो दीड-दोन लाख मागतो आणि पावती देत नाही, त्याच्याकडून उठून यावे. २०१५ साली परराष्ट्र मंत्रालयाने 'मदद' ही तक्रार यंत्रणा सुरू केली, तिचीही माहिती घरच्यांना असावी. कराराची एक प्रत घरी ठेवावी. ती ज्या भाषेत घरचे वाचू शकतात त्या भाषेत, म्हणजे मराठीत किंवा उर्दूत, उतरवून घ्यावी.

काही वडीलधारी मंडळी विचारतील की, मुलांना बाहेर पाठविण्याचीच घाई का? त्यांचे म्हणणे आम्ही समजू शकतो. ऐन-अर्जुनाच्या झाडांवर कोसा पिकविणारे ढिवर, तो विणणारे मोहाडी-आंधळगावचे कोष्टी आणि तो विकणारे आमच्यासारखे व्यापारी, अशी ही साखळी आहे. तिच्यातले हात दरवर्षी कमी होत आहेत. परंतु दोन भाषांचा उपयोग गावात बसूनही होतो. करवतकाठी साडीला भौगोलिक मानांकन आहे. निर्यातीसाठी लागणारा आयात-निर्यात क्रमांक आता पॅनकार्डावर मिळतो. मग आमचा माल परदेशी थेट का जात नाही? विणकराशी झाडीबोलीत बोलून परदेशी गिऱ्हाइकाला इंग्रजीत किंवा अरबीत नीट पत्र लिहील, असा मनुष्य आमच्यात नाही म्हणून. पत्र लिहिणारा बाहेरचा असतो आणि नफ्याचा मोठा वाटाही त्याचाच असतो.

तेव्हा आमची व्यापारी बंधूंना विनंती आहे. परदेशी जाणाऱ्या मुलाला आपण उसने पैसे देतो, ते जरूर द्यावेत, त्यात सवाब आहे. परंतु पैसे देण्यापूर्वी एक अट घालावी. त्याने करारपत्र आपल्यासमोर बसून वाचावे आणि त्यातील काम, पगार, तास, रजा व परतीचे तिकीट ही पाच कलमे मराठीत किंवा उर्दूत समजावून सांगावीत. सांगता आली नाहीत तर जाणकाराकडून समजून घेऊन यावे, पैसे तोवर थांबतील. आम्ही आमच्यापुरता हा नियम केला आहे. मशिदीच्या जमातीनेही जुम्माच्या नमाजनंतर असे कागद वाचून देणारा एखादा सुशिक्षित तरुण बसविला, तर इन्शाअल्लाह अनेक घरे कर्जातून वाचतील.

आमच्या घरातल्या त्या मुलाने अर्ज परत लिहिला. भाषेच्या रकान्यात आता उर्दू, मराठी, हिंदी आणि इंग्रजी अशा चार ओळी आहेत. इंग्रजीपुढे त्याने प्रामाणिकपणे 'वाचता येते, बोलण्याचा सराव चालू' असे लिहिले आहे. अरबीची ओळ त्याने कोरी ठेवली आहे. ती भरण्यासाठी त्याला एक वर्ष लागेल आणि तेवढे वर्ष थांबण्यास आम्ही त्याला सांगितले आहे.