आमचा ताप मोजा, आकडा आम्हालाही सांगा

प्रति,
जिल्हाधिकारी, जिल्हा आरोग्य अधिकारी आणि पशुसंवर्धन उपायुक्त,
नांदेड व लातूर



जानेवारी २०२५मध्ये उदगीर शहरात कावळे मरून पडू लागले. नमुने भोपाळच्या प्रयोगशाळेत गेले, थोड्याच दिवसांत एच५एन१ या बर्ड फ्लूचा अहवाल आला आणि दहा किलोमीटरच्या परिसरात सतर्कता जाहीर झाली. त्याच महिन्यात लोहा तालुक्यातल्या किवळ्यातही बर्ड फ्लू निघाला. पशुसंवर्धन खात्याने तत्परता दाखवली, हे मनापासून मान्य. पण त्याच आठवड्यात उदगीरच्या दवाखान्यांत किती माणसे ताप-खोकला घेऊन आली, हे आपल्यापैकी कोणी सांगू शकेल का?

व्यवस्था आहे. एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रम २००४पासून चालतो. उपकेंद्रातल्या सिस्टर लक्षणे नोंदवतात, डॉक्टर संशयित रुग्ण, प्रयोगशाळा पक्के निदान. २०२१पासून हे सारे ऑनलाइन भरतात. पण आपल्याकडे ताप आला की माणूस आधी गल्लीतल्या खासगी डॉक्टरकडे जातो. ‘व्हायरल चालू आहे’ म्हणून तीन दिवसांच्या गोळ्या मिळतात आणि तो ताप बहुधा कुठल्याच नोंदीत चढत नाही. अंगावर काढून दुखणे वाढले, की उदगीरचा पेशंट बीदरला नेतात, देगलूरचा हैदराबादला, किनवटचा आदिलाबादला. आपल्या जिल्ह्यातला आजार शेजारच्या राज्याच्या हिशेबात जातो.

म्हणून मागणी नव्या इमारतीची नाही. प्रत्येक तालुक्यात काही दवाखाने निवडा, खासगी धरून. जागतिक आरोग्य संघटनेची व्याख्या सोपी आहे: ३८ अंश सेल्सिअस किंवा जास्त ताप, सोबत खोकला, सुरुवात गेल्या दहा दिवसांतली. एकूण ओपीडीत असे रुग्ण किती, एवढेच रोज लिहून घ्या. त्यांतल्या काहींचे घशातले आणि नाकातले नमुने विष्णुपुरीच्या डॉ. शंकरराव चव्हाण महाविद्यालयात आणि लातूरच्या विलासराव देशमुख संस्थेत दर आठवड्याला तपासा. दम लागून भरती झालेल्यांची नोंद वेगळी ठेवा. दवाखाने तेच, पद्धत तीच राहिली, तरच चढ ओळखता येतो. आणि तो लवकर ओळखायला हवा, कारण फ्लूवरच्या ओसेल्टामिव्हिर या औषधाचा खरा उपयोग पहिल्या ४८ तासांत होतो. मृत्यूंची यादी हाती येईपर्यंत ती वेळ गेलेली असते.

लातूरबद्दल थोडे जास्त बोलते. नीटच्या शिकवण्यांसाठी राज्यभरातून आलेली हजारो मुले दाटीवाटीने खोल्यांत राहतात, एका मेसमध्ये जेवतात. टेस्ट बुडेल म्हणून ताप लपवतात. सुटी लागली की तोच खोकला घेऊन आजी-आजोबांजवळ जातात, मग ते गाव किनवटकडचे असो की सोलापूरकडचे. एकाच वसतिगृहातली पाच-सहा मुले एकदम आजारी पडली, तर ते आरोग्य खात्याला त्याच दिवशी कळले पाहिजे. वसतिगृहचालक आणि क्लासचालकांना तसे लेखी बांधून घ्या. मुलांना मात्र त्याची शिक्षा होता कामा नये. ताप सांगितला म्हणून खोली सोडावी लागणार असेल, तर कोणीच सांगणार नाही.

पोल्ट्रीत राबणाऱ्यांचेही तेच. जुलै २०२१मध्ये एच५एन१ने हरियाणातला अकरा वर्षांचा मुलगा दिल्लीच्या एम्समध्ये दगावला. कोंबड्या नष्ट करणाऱ्या मजुरांच्या तपासणीला आरोग्य खात्याचा माणूस नंतरचे दहा दिवस घरी गेलाच पाहिजे. उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे; तिथले प्राध्यापक आणि सरकारी दवाखान्यातले डॉक्टर दर आठवड्याला एकत्र बसू शकतात. त्यासाठी मुंबईच्या आदेशाची वाट कशाला?

आणि आकडे दर सोमवारी जाहीर करा, वाढले तरी. २००९च्या ऑगस्टमध्ये देशातला स्वाइन फ्लूचा पहिला मृत्यू पुण्यात झाला, तेव्हा मास्कसाठी राज्यभर झुंबड उडाली. नेहमी आकडे पाहणारा माणूस इतका भांबावत नाही.

फ्लू पावसाळ्यात वाढतो, पुन्हा हिवाळ्याच्या शेवटी. म्हणून आकड्यांचे पहिले पत्रक मृगाआधी निघावे. गरोदर बाया, मधुमेही, दमेकरी आणि आशाताई यांच्या फ्लूच्या लसीचीही तीच वेळ. आपण बैठक बोलावली, तर इथले डॉक्टर, मेसवाल्या मावश्या आणि पोल्ट्रीवाले यांना घेऊन मी येईन.

आपली,
उदगीरची एक नागरिक