गाणं तुमचं, पण फाईल कोणाची? रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर बदलताना नेमकं काय तुटतं

मागच्या महिन्यात कॉलेजमधल्या एका मित्राचा फोन आला. २०१९ साली आम्ही एका एकांकिकेचं पार्श्वसंगीत केलं होतं. आता त्याला तीच गोष्ट वाढवून दोन अंकी नाटक करायचं होतं. "तुझ्याकडे आहे ना रे सगळं?" त्याने विचारलं. मी म्हटलं, "आहे की." आणि ते खरंच होतं, हार्ड डिस्कवर, नीट फोल्डर करून ठेवलेलं. फक्त उघडत नव्हतं.

तेव्हा मी विंडोजच्या लॅपटॉपवर काम करायचो. मग नोकरी लागली, मॅक आला, सॉफ्टवेअरही बदललं. जुनं सॉफ्टवेअर मॅकवर चालतच नाही, आणि नव्याला जुन्याची फाईल ओळखता येत नाही. प्रोजेक्टमध्ये ३१ ट्रॅक होते. त्यातले चार हलगीचे, मित्राच्या गावातल्या एका काकांनी वाजवलेले. काकांचा हात आता थरथरतो, ते वाजवत नाहीत. त्यामुळे "परत रेकॉर्ड करू" हा मार्ग बंद होता.

तुम्ही म्हणाल, मूळ रेकॉर्डिंग तर फोल्डरमध्ये असेलच. होतं ना. 'ऑडिओ ००१७', 'ऑडिओ ००१८' अशा नावाच्या साठेक फाईली. कुठला टेक घेतला, कुठला टाकला, तो कितव्या सेकंदाला सुरू होतो आणि कुठे कापला, हे फक्त प्रोजेक्ट फाईलला माहीत. आणि ती फाईल एकाच सॉफ्टवेअरशी बोलते.

हा घोळ माझ्या एकट्याचा नाही. गाणी रेकॉर्ड करण्याच्या सॉफ्टवेअरला डीएडब्ल्यू म्हणतात, बोलताना 'डॉ'. ("माझा डॉ क्रॅश झाला" असं मी फोनवर म्हटलं की आईला वाटतं कुणा डॉक्टरांचं काहीतरी झालं.) एका डॉमधून दुसऱ्यात जाणं हे आजही फोन नंबर पोर्ट करण्याइतकं सोपं नाही. नंबर पोर्ट करायची सोय देशभर २०११ मध्ये आली. गाण्यांच्या बाबतीत तशी सुरुवात व्हायला २०२३ उजाडलं, आणि तीही अर्धवट आहे.

फाईलमध्ये असतं काय?

प्रोजेक्ट फाईलमध्ये गाणं नसतं, गाण्याची कृती असते. आमटीची कृती लिहिताना आई "त्या निळ्या डब्यातला मसाला दीड चमचा" असं लिहिते, तसं. तिच्या स्वयंपाकघरात ते बरोबर चालतं. तोच कागद तुम्ही पुण्यातल्या फ्लॅटवर नेलात, तर निळा डबाच नाही.

डॉचे निळे डबे म्हणजे त्याच्यासोबत येणारे इफेक्ट आणि वाद्यं. लॉजिकचा रिव्हर्ब लॉजिकमध्येच असतो, एफएल स्टुडिओचे सिंथ एफएलमध्ये. बाहेरून घेतलेले प्लगइन दोन्हीकडे असले तरी अडचण संपत नाही, कारण प्लगइनचा साचा प्रत्येकाचा वेगळा. लॉजिक फक्त एयू घेतं, प्रो टूल्स फक्त एएएक्स घेतं, विंडोजवरची बहुतेक मंडळी व्हीएसटी वापरतात. शिवाय तुम्ही तासभर बसून जमवलेलं नॉबचं सेटिंग प्लगइन स्वतःच्या सांकेतिक भाषेत देतो. डॉला त्यातलं काही कळत नाही, तो ते गाठोडं तसंच ठेवतो आणि उघडताना प्लगइनला परत देतो.

मग बारीकसारीक गोष्टी येतात, आणि खरा वैताग इथेच आहे. आवाज मधोमध ठेवला तर काही ठिकाणी तो आहे तितकाच राहतो, काही ठिकाणी ३ डेसिबलने कमी होतो. त्यामुळे सगळे आकडे जसेच्या तसे भरले तरी मिक्स वेगळा वाजतो. रेकॉर्डिंग ताणून टेम्पोत बसवलं असेल, तर प्रत्येकाची ताणायची पद्धत निराळी. माझी हलगी क्लिकवर वाजवलेलीच नव्हती. मी टेम्पोचा नकाशा तिच्या मागेमागे फिरवला होता. तो नकाशा नसला तर तिच्यावर बसवलेलं हार्मोनियम हलगीच्या पुढे पळतं.

आपल्या संगीताचं आणखी एक दुखणं. मींड घ्यायची तर सूर एका जागेवरून दुसरीकडे घसरत जायला हवा. सॉफ्टवेअर वाद्यावर ते करायचे दोन-तीन मार्ग आहेत, आणि कुठला डॉ कुठल्या मार्गाने लिहितो यावर दुसरीकडे मींड येणार की नुसते टप्पे येणार, हे ठरतं. १९८३ पासूनचा मिडी हा सगळ्यांना समजणारा धागा आहे, पण त्यातून स्वर, वेळ, जोर एवढंच खात्रीने जातं. सिंथचा आवाज त्यातून जात नाही.

आणि सवय! हा भाग कुठल्याही फाईलमध्ये मावत नाही. एफएलमध्ये वाढलेला मुलगा आधी पॅटर्न बनवतो आणि मग ते मांडतो. त्याला प्रो टूल्ससमोर बसवा, दहा मिनिटांत तो विचारेल, "पॅटर्न कुठंय?" मीही पहिले दोन आठवडे चुकीची कळ दाबून टेक पुसत होतो. पण त्याची तक्रार मी करणार नाही. हात नव्याला सरावतात. फाईल सरावत नाही.

फोनवर काम करणाऱ्यांनी हे आत्ताच का वाचावं

कारण तुम्ही आत्ता ज्या ॲपमध्ये पहिलं गाणं करताय, ते तुमचं शेवटचं ॲप नसणार. फोनवरून लॅपटॉपवर जायचा रस्ता बऱ्याचदा एकेरी असतो आणि त्याच कंपनीच्या दारात जातो. आयफोनच्या गॅरेजबँडमधलं गाणं मॅकवरच्या गॅरेजबँडमध्ये किंवा लॉजिकमध्ये उघडतं. उलट लॉजिकमधून आयफोनच्या गॅरेजबँडला पाठवलं तर सगळं एकाच ट्रॅकमध्ये मिसळून येतं, त्यावर फक्त नवे ट्रॅक चढवता येतात. एफएल स्टुडिओ मोबाईलचा प्रोजेक्ट लॅपटॉपवरच्या एफएलमध्ये उघडतो, पण दुसऱ्या कुठल्या डॉमध्ये प्रोजेक्ट म्हणून उघडत नाही. बँडलॅबसारख्या ॲपमध्ये तर प्रोजेक्ट त्यांच्या सर्व्हरवरच असतो. सोयीचं आहे, मीही रिक्षात बसून चाली गुणगुणून ठेवतो त्यात. पण ही सोय म्हणजे भाड्याची खोली आहे, हे विसरू नका.

क्रॅक वापरणाऱ्यांसाठी एक वाक्य, उपदेश नाही. क्रॅक केलेल्या प्लगइनवर उभं राहिलेलं गाणं पुढच्या लॅपटॉपवर उघडेलच याची हमी कुणाकडे मागणार?

कंपन्या बदलतात, मालक बदलतात

केकवॉकची गोष्ट यासाठी बघण्यासारखी आहे. १९८७ पासूनचं हे नाव. आधी रोलंडकडे गेलं, मग २०१३ मध्ये गिब्सनकडे. २०१६ मध्ये त्यांच्या सोनार प्लॅटिनमच्या ग्राहकांना 'आयुष्यभर मोफत अपडेट' विकले गेले. नोव्हेंबर २०१७ मध्ये गिब्सनने केकवॉकचं काम थांबवल्याचं जाहीर केलं. म्हणजे आयुष्य साधारण दीड वर्षाचं निघालं. २०१८ मध्ये बँडलॅबने ते विकत घेऊन मोफत दिलं, आणि विंडोजवर पैसे न भरता पूर्ण डॉ हवा असलेल्या कितीतरी पोरांनी त्यावर पहिलं रेकॉर्डिंग केलं. २०२३ मध्ये हीही मोफत आवृत्ती पुढे बंद होणार असं कळलं, त्याजागी नवा सोनार येणार होता. २०२५ मध्ये सोनारचीही मोफत पातळी आली आणि जुने प्रोजेक्ट त्यात उघडतात, म्हणून बरं. पण हे 'बरं' ग्राहकाच्या हातात कधीच नव्हतं.

याच्याही आधीचं उदाहरण लॉजिकचं. जुलै २००२ मध्ये ॲपलने इमॅजिक ही कंपनी घेतली आणि त्याच वर्षी विंडोजवरचं लॉजिक बंद झालं. ज्यांच्याकडे विंडोज होतं त्यांनी मॅक घ्यायचा किंवा नव्याने सुरुवात करायची.

२०२३ ला काय घडलं

बिटविग आणि प्रीसोनस या दोन स्पर्धक कंपन्यांनी मिळून 'डॉ-प्रोजेक्ट' नावाचा खुला फॉरमॅट आणला. इंजिनिअर म्हणून मला तो आवडला, कारण त्यात काही जादू नाही. ती एक झिप फाईल आहे. आत एक्सएमएलमध्ये साध्या मजकुरात लिहिलेलं असतं की कुठला ट्रॅक, कुठला तुकडा, कुठल्या वेळेला. सोबत ऑडिओ आणि प्लगइनची ती गाठोडी. व्हॉल्यूमचे चढउतार, टेम्पोचा नकाशा, एकेका स्वराची घसरण, सगळ्याला जागा आहे. इक्वलायझर, कॉम्प्रेसर अशा नेहमीच्या इफेक्टसाठी सामायिक वर्णनही आहे, म्हणजे 'निळा डबा' ऐवजी 'धणे, जिरे, खोबरं' असं लिहायची सोय. परवाना खुला, कोणीही वापरावा.

२०२४ च्या शेवटी क्यूबेस १४ ने तो घेतला. ही मोठी गोष्ट होती, कारण क्यूबेस बनवणारी स्टाइनबर्ग म्हणजे १९९६ मध्ये व्हीएसटी आणणारी कंपनी. त्याच कंपनीने २०२५ मध्ये व्हीएसटी ३ ची साधनंही एमआयटी या खुल्या परवान्याखाली दिली. त्याआधी २०२२ मध्ये बिटविग आणि यू-ही यांनी क्लॅप नावाचा खुला प्लगइन फॉरमॅट आणला होता. वारं कुठल्या दिशेचं आहे हे त्यावरून कळतं.

पण ज्यांच्याकडे सर्वाधिक गर्दी आहे, ते एबलटन लाइव्ह, लॉजिक, एफएल स्टुडिओ आणि प्रो टूल्स यात स्वतःहून आलेले नाहीत. का यावं? जो शिरलाय तो बाहेर पडू शकत नाही, हाच त्यांचा फायदा. तांत्रिक अडचण आहे असं मला वाटत नाही. एबलटनची फाईल आतून दाबून ठेवलेलं एक्सएमएलच आहे, रीपरची तर नोटपॅडमध्ये उघडून वाचता येते. म्हणजे वाचता येण्याचा प्रश्न नाही, दार उघडायच्या इच्छेचा आहे.

कायदा मदतीला येईल का? आपल्याकडच्या विदा संरक्षण विधेयकाच्या २०१९ च्या मसुद्यात आपली माहिती एका कंपनीकडून दुसरीकडे नेण्याचा हक्क होता. २०२३ मध्ये जो कायदा झाला, त्यात तो नाही. असता तरी तो व्यक्तिगत माहितीपुरता असता. तुमचा मिक्स त्यात बसला असता का, यावर वकिलांनी दहा वर्षं काढली असती. म्हणून मी सरकारची वाट बघायला सांगणार नाही.

मी आता काय करतो

गाणं संपलं की त्याच रात्री, उद्यावर न ढकलता, प्रत्येक ट्रॅक वेगळा वेव्ह फाईल म्हणून काढतो. महत्त्वाची अट अशी की प्रत्येक फाईल गाण्याच्या शून्य सेकंदापासून सुरू झाली पाहिजे, मधे शांतता असली तरी. मग कुठल्याही डॉमध्ये सगळ्या फाईली डाव्या कडेला लावल्या की त्या आपोआप जुळतात. प्रत्येक ट्रॅक दोनदा काढतो, इफेक्टसकट आणि कोरडा. मिडी वेगळा. टेम्पो, ताल, पट्टी आणि प्लगइनची नावं एका साध्या मजकुराच्या फाईलमध्ये. डॉ-प्रोजेक्टची सोय असेल तर तीही फाईल, पण तिच्या भरवशावर नाही.

जागा किती लागते? २४ बिट, ४८ किलोहर्ट्झचा मोनो ट्रॅक मिनिटाला साधारण ८.६ एमबी घेतो. चार मिनिटांच्या गाण्याचे ३० ट्रॅक म्हणजे एक जीबीच्या आसपास. तुमच्या गुड मॉर्निंगच्या व्हिडिओंनी याहून जास्त जागा खाल्ली असेल. फोनवर असाल तर ॲपमध्ये ट्रॅक वेगळे काढायची सोय आहे का, हे पहिलं गाणं करण्याआधी बघा. नसेल तर बाकीचे ट्रॅक म्यूट करून एकेक एक्स्पोर्ट करा. कंटाळवाणं आहे, पण चालतं.

२०१९ मध्ये मी यातलं काहीही केलं नव्हतं. शेवटी कपाटातून जुना लॅपटॉप काढला. बॅटरी फुगलेली, ती काढून चार्जरवरच चालू केला. प्रोजेक्ट उघडला, पण एका विकत घेतलेल्या सिंथने लायसन्स मागितलं, आणि ते तपासणारा कंपनीचा सर्व्हरच आता अस्तित्वात नाही. दोन ट्रॅक तिथेच गेले. दोन रात्री बसून बाकीचे २९ काढले. हलगीचे चारही आले. मित्राला पाठवले तर त्याचा मेसेज, "मस्त. पण तो मागचा घुमणारा सूर कुठंय?" तो आता नव्याने बनवतोय. जुन्यासारखा होत नाहीये, पण दिग्दर्शकाला हाच जास्त आवडला असं तो म्हणतो. खरं म्हणतो की मला बरं वाटावं म्हणून, ते तालमीला गेल्यावर कळेल.