कर्त्या पुरुषाने बोलायचे कोणाजवळ?

नांदेडला आमच्या शेजारी एक निवृत्त गुरुजी राहतात. जिल्हा परिषदेच्या शाळेत त्यांनी हयातभर गणित शिकवले. आता सकाळी फिरणे, दुपारी वर्तमानपत्र आणि रविवारी चर्च असा त्यांचा क्रम आहे. मी ख्रिस्ती नव्हे. पण नाताळचा केक आणि दिवाळीचा फराळ यांची देवाणघेवाण आमच्या दोन घरांत फार जुनी. म्हणून जूनच्या तिसऱ्या रविवारी, हल्ली ज्याला ‘फादर्स डे’ म्हणतात त्या दिवशी, ते म्हणाले, “चला, आज पाळकसाहेब पुरुषांवर बोलणार आहेत,” तेव्हा मीही त्यांच्याबरोबर निघालो.

पाळकसाहेब तरुण होते, आवाज खणखणीत होता. त्यांनी पौलाने इफिसकरांस लिहिलेल्या पत्राचा पाचवा अध्याय उघडला. घराचे नेतृत्व देवाने पुरुषाकडे दिले आहे, आजच्या पुरुषाने ती जागा सोडली म्हणून घरे मोडताहेत, असे त्यांनी सांगितले. शेवटी म्हणाले, “ज्या बंधूंच्या मनावर ओझे असेल त्यांनी उभे राहावे. आपण त्यांच्यासाठी प्रार्थना करू.” कोणी उठेना. पंखा तेवढा कुरकुरत होता. बऱ्याच वेळाने बायकांच्या बाजूने एक बाई उठल्या आणि म्हणाल्या, “साहेब, ह्यांच्यासाठी करा. हे सांगणार नाहीत.” आणि ‘हे’ खाली मान घालून बसून राहिले.

प्रवचनातले बाकी सगळे मी विसरलो, ती खाली गेलेली मान मात्र विसरलो नाही. कारण ती काही एकट्या ख्रिस्ती माणसाची मान नव्हे.

सरकारी नोंदींनुसार २०२२ साली आपल्या देशात १ लाख ७० हजार ९२४ माणसांनी आत्महत्या केल्या. त्यांत दर दहांमागे सात पुरुष होते. त्या वर्षी सर्वांत मोठा आकडा महाराष्ट्राचा होता. मराठवाड्यात राहणाऱ्याला याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. त्याच्या गावात, नाहीतर शेजारच्या गावात, असे एक घर असतेच.

माझ्या मामांचे सांगतो. मुखेड तालुक्यात त्यांची कोरडवाहू जमीन. २०१४ ते २०१६ हा काळ आठवा. लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले ते २०१६. त्या वर्षांत मामांनी आधी सोसायटीचे, मग बँकेचे आणि शेवटी एका खाजगी माणसाचे कर्ज काढले. घरात कोणालाच पत्ता नव्हता. बँकेची नोटीस दारात आली तेव्हा मामीला कळले. मामा वाचले, जमीन थोडी गेली, असो. मी रागाने विचारले, “मामीला तरी सांगायचं होतं!” तर म्हणाले, “सांगून काय करू, बाळा? तिच्या जिवाला घोर कशाला लावू?” तीन वर्षे हा माणूस रात्री अंगणात बाजेवर जागा होता आणि सगळे घर समजत होते की मामांना उकडते.

पुरुषांच्या या अडचणीवर ख्रिस्ती समाजात विचार सुरू झाला तो आजकालचा नव्हे. सॉमरसेटच्या शेतकरी कुटुंबातला जॉर्ज विल्यम्स नावाचा तरुण लंडनला कापडाच्या दुकानात नोकरीला आला. खेड्यातून आलेली त्याच्यासारखी शेकडो पोरे दिवसभर गिऱ्हाइकाला कापड दाखवीत आणि रात्री दुकानमालकाच्याच खोल्यांत दाटीवाटीने झोपत. बाहेर गुत्ते होते, आत एकटेपणा होता. १८४४ साली विल्यम्सने दहा-बारा जणांना जमवून जी मंडळी काढली तीच वाय.एम.सी.ए. आज कंधारहून, अहमदपूरहून, देगलूरहून लातूरला येऊन एका खोलीत चौघे राहणारी, मेसचा डबा खाणारी आणि ‘लातूर पॅटर्न’ने डॉक्टर होऊ पाहणारी पोरे पाहिली की मला ती लंडनची पोरे आठवतात. फरक एवढाच की, लंडनच्या पोरांच्या बापांनी त्यांच्यासाठी एकर विकला नव्हता.

पुढे या मंडळींनी पोरांच्या अंगात रग यावी म्हणून खेळांवर भर दिला. बास्केटबॉल १८९१ साली आणि व्हॉलीबॉल १८९५ साली, दोन्ही अमेरिकेतल्या वाय.एम.सी.ए.च्याच शिक्षकांनी शोधले. आपल्याकडे गावोगाव दोन बांबू रोवून संध्याकाळी जो व्हॉलीबॉल चालतो त्याचे मूळ तरुणांच्या मनाची काळजी करणाऱ्या एका ख्रिस्ती संस्थेत आहे, हे खेळणाऱ्यांना ठाऊकही नसेल. मला स्वतःला हे काम दहा प्रवचनांपेक्षा मोलाचे वाटते.

पण याच विचाराला एक दुसरा फाटा फुटला. १९९० साली अमेरिकेत कोलोरॅडो विद्यापीठाचे फुटबॉल प्रशिक्षक बिल मॅकार्टनी यांनी ‘प्रॉमिस कीपर्स’, म्हणजे वचन पाळणारे, ही पुरुषांची चळवळ सुरू केली. ४ ऑक्टोबर १९९७ रोजी वॉशिंग्टनच्या मैदानावर लाखो पुरुष जमले. बायकोशी एकनिष्ठ राहू, मुलांना वेळ देऊ, अशी वचने होती. भर मैदानात पुरुष एकमेकांच्या गळ्यात पडून रडले. तिथल्या स्त्रीसंघटनांनी मात्र आक्षेप घेतला की, हे घरात परत येणे नव्हे, घराचा ताबा परत घेणे आहे. पुढे २००१ साली जॉन एल्ड्रेज यांचे ‘वाइल्ड ॲट हार्ट’ आले आणि खूप खपले. पुरुषाच्या मनात एक लढाई, एक साहस आणि वाचवायला एक सुंदरी यांची ओढ असते, ती दाबली म्हणून तो दुःखी आहे, असे त्याचे म्हणणे.

आमच्या मुखेडच्या शेतकऱ्याला कोणी हे वाचून दाखवले तर तो काय म्हणेल? ढग नसलेल्या आभाळाखाली जूनमध्ये उसनवारीचे बियाणे मातीत टाकतो, याहून मोठे साहस ते कोणते? लढाई त्याला पुरून उरली आहे. या लेखकांचा निदानातच घोटाळा होतो. पुरुषाचे सिंहासन गेले म्हणून तो खचला, असे ते धरून चालतात. मामांकडे तर घराची सगळी सूत्रे होती! निर्णय त्यांचा, सही त्यांची, सातबाऱ्यावर नावही त्यांचेच. सगळे हाती होते म्हणून तर कोणाला काही सांगता येईना. पौलाचाच तो अध्याय पाहा. एकमेकांच्या अधीन राहा हे आधी येते आणि मग नवऱ्याला सांगितले जाते की, ख्रिस्ताने मंडळीसाठी स्वतःला दिले तशी प्रीती कर. पाळकसाहेब ‘नेतृत्व’ या शब्दावर बराच वेळ थांबले, ‘एकमेकांच्या’ या शब्दावरून मात्र गाडी न थांबता गेली.

खरे तर ख्रिस्ती परंपरेच्या पेटीत याहून चांगल्या वस्तू आहेत. नाझरेथचा सुतार योसेफ घ्या. शुभवर्तमानांत त्याच्या तोंडी एकही शब्द नाही. अवघडलेल्या बायकोला आणि परागंदा संसाराला त्याने सांभाळले आणि तो गोष्टीतून गुपचूप नाहीसा झाला. डिसेंबर २०२० मध्ये, कोरोनाच्या दिवसांत, पोप फ्रान्सिस यांनी या योसेफावर एक पत्र लिहिले. मूल झाले म्हणून कोणी बाप होत नाही, त्याची काळजी वाहता वाहता माणूस बाप होतो, असा त्याचा आशय होता. दुबळेपणाची लाज बाळगू नये, हेही त्यात होते.

आणि गेथशेमानेची रात्र. उद्या मरण आहे हे येशूला कळले आहे, जीव कासावीस झाला आहे. तो तीन मित्रांना घेऊन बागेत जातो आणि म्हणतो, मला फार दुःख होते आहे, माझ्याजवळ जरा जागे राहा. ज्याला हे लोक देव मानतात तो असे सरळ सांगतो! मित्र मासे धरणारे, दिवसभराचे थकलेले. ते झोपी जातात. तो परत येतो, उठवतो, ते पुन्हा झोपतात. एल्ड्रेजसाहेबांच्या लढाईपेक्षा ही गोष्ट मराठवाड्याला जवळची आहे. कॅथलिकांनी तर बोलण्याची सोयच करून ठेवली. वर्षातून एकदा तरी पापनिवेदन करावे हा नियम १२१५ सालचा आहे, आणि ऐकलेले कोणाला सांगायचे नाही हे धर्मगुरूवर बंधन. दारू सोडवणारी ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’ ही मंडळी १९३५ साली अशाच एका ख्रिस्ती वर्तुळातून निघाली. तिथे पहिली पायरी म्हणजे ‘मी हरलो’ हे चार माणसांत मोठ्याने म्हणणे.

आता आपल्या मराठीत या. ख्रिस्ती घरातल्या पुरुषाच्या ओढाताणीवर मराठीत सर्वांत खरे जर कोणी लिहिले असेल तर ते पाळकाने नाही, फादरने नाही, एका बायकोने. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून भागाभागांनी निघाली. त्यात तीन कर्ते पुरुष आहेत. सोवळ्याच्या वेडाने मीठसाखरसुद्धा धुऊन घेणारे वडील नाना, तापट सासरे, आणि नवरा नारायण वामन टिळक. मोठा कवी, मनाचा राजा, पण हातात पैसा टिकत नाही, राग नाकावर, मनात आले की न सांगता घराबाहेर. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला तोही बायकोला आधी न सांगता. जन्माचा निर्णय, आणि जिच्या जन्मावर त्याचा घाव पडणार तिलाच पत्ता नाही. मामांचे कर्ज आणि टिळकांचा धर्म यांची तुलना कोणाला विचित्र वाटेल. मला वाटत नाही.

चारपाच वर्षे दोघे वेगळी राहिली. मग ती एकत्र आली, आणि तीही आपले सोवळे ठेवून आली. टिळकांनी बळजबरी केली नाही. लक्ष्मीबाईंनी ख्रिस्ती धर्म घेतला तो स्वतःच्या पायांनी चालत. पण त्या पुस्तकात नवऱ्याला त्यांनी ना देव्हाऱ्यात बसवले, ना पिंजऱ्यात उभे केले. त्याचा विक्षिप्तपणा हसत सांगितला आणि त्याची तळमळही. घराघरात बायकांना सगळे दिसत असते याचा इतका मोठा पुरावा दुसरा नसेल. चर्चमधल्या त्या बाईंनाही दिसत होतेच. टिळक म्हणत की, आपण ख्रिस्ताकडे आलो ते तुकारामांच्या पुलावरून. आणि तुकोबा तर दुष्काळ, दिवाळे, बायकोमुलाचा मृत्यू हे सगळे भर कीर्तनात बोलून गेलेला वाणी. म्हणजे बोलण्याची चाल आमच्याही घरची आहे. ती टाळमृदंगापुरती ठेवून आम्ही घरात मुके झालो.

मागच्या महिन्यात मुखेडला गेलो होतो. संध्याकाळी अंगणात बसलो असता मामांना ती बागेतली गोष्ट सांगितली. त्यांनी नीट ऐकली.

“मग ते झोपलेच का?”

“झोपलेच.”

“दमले असतील,” मामा म्हणाले. थोडा वेळ सुपारी कातरीत बसले. मग माझ्याकडे न पाहता म्हणाले, “सोसायटीचं अजून थोडं राहिलंय.”

आत स्वयंपाकघरात मामी भांडी लावीत होती. तो आवाज थांबला. मग ती पदराला हात पुसत बाहेर आली आणि उंबऱ्यावर बसली. “किती?” तिने विचारले.