जीवदयेची बोली आणि जिन्याखालचं मांजर



पर्युषणात जीवदयेच्या बोलीला सगळ्यांत आधी हात वर करणाऱ्या एक वहिनी परवा मला म्हणाल्या, "मांजर हिंसक जीव. वाचवलंत तर उंदीर मारील, पाप तुम्हाला लागेल." जिन्याखालच्या त्या पिल्लाचा डोळा पुवानं चिकटला होता हो! अनुकंपा हे सम्यक्त्वाचं लक्षण. त्यात "फक्त शाकाहारी जीवांसाठी" अशी अट मी तरी वाचलेली नाही.

दुसरी सबब पैशाची. मी बी.कॉम., हिशोबच देते. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्याचा केसपेपर, मलमाची ट्यूब आणि रिक्षा मिळून 210 रुपये. उकळलेलं पाणी आपल्या घरात असतंच. अर्धा लिटरमध्ये सपाट चमच्याला किंचित कमी मीठ घालायचं, कोमट असताना कापसानं नाकाकडून बाहेर पुसायचं, दर वेळी नवा बोळा, दोन्ही डोळ्यांना वेगळा.

पैसे वाचवायला घरातले उरलेले ड्रॉप्स मात्र घालू नका. त्यांत स्टेरॉइड असलं आणि बुबुळावर जखम असली, तर डोळा जाऊ शकतो. पॅरासिटामॉल तर मांजराला विषच. आणि "आपल्याला लागेल" म्हणून घाबरणाऱ्यांसाठी: मांजरांचे डोळे पुष्कळदा त्यांच्या हर्पिस विषाणूनं येतात, तो माणसाला होत नाही. हात धुवा म्हणजे झालं.

यंदा मी संघाकडे मागणार आहे, बोलीतले हजार रुपये गल्लीतल्या जनावरांच्या औषधाला बाजूला ठेवा. वही मी ठेवीन.